पहाटे चारचा झेंडू कोणत्या दिवसाचा?

दसऱ्याच्या दिवशी उजाडण्यापूर्वी दादर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून तुम्ही सेनापती बापट मार्गाकडे वळलात, तर फूलबाजार नुसता जागा झालेला नसतो, त्याचे निम्मे काम उरकत आलेले असते. पुणे, नाशिक, सातारा या बाजूंनी आलेल्या गाड्या रात्रीच उभ्या राहिलेल्या असतात. क्रेट उतरतात, काटे लागतात, ओल्या गोणपाटांवर झेंडूचे ढीग चढतात आणि पायांखाली पाकळ्यांचा चिखल होतो. अशा वेळी, पहाटे बरोबर चार वाजता, एखाद्या गिऱ्हाइकाने दहा किलो झेंडू घेतला. आता सांगा, ही विक्री कोणत्या दिवसाची?

‘यात विचारायचे काय? दसऱ्याची!’ असे तुम्ही म्हणाल. २०२४ सालचा दसरा घेऊ. तो १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता. तेव्हा तुमचे उत्तर : १२ ऑक्टोबर, शनिवार. पण पंचांग पाहणारे एखादे आजोबा शेजारी उभे असतील तर ते मान हलवतील. आपल्या जुन्या रीतीप्रमाणे वार बदलतो सूर्योदयाला. सूर्य अजून उगवायचा आहे, म्हणजे शुक्रवारच चालू आहे. आणि गंमत अशी, की व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या संगणकाला विचारले तर तोही पुष्कळदा ‘११ ऑक्टोबर, शुक्रवार’ असेच सांगतो! आजोबांचे आणि संगणकाचे उत्तर एकच, पण कारणे अगदी निराळी. आजोबांनी विचार करून उत्तर दिले आहे. संगणकाने मात्र केवळ भागाकार केला आहे. तो भागाकार कसा होतो आणि तो कुठे फसवतो, ते आज पाहू या.

आधी हा भागाकार करण्याची वेळच का यावी? समजा, एका घाऊक व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या सगळ्या पावत्या संगणकात साठवलेल्या आहेत. त्याने ‘झेंडू’ असा शोध दिला. क्षणार्धात पाच हजार ओळी पुढे आल्या. शोध यशस्वी झाला, पण व्यापाऱ्याला कळले काय? काहीच नाही. पाच हजार ओळी वाचून कुणाला शहाणपण येत नाही. त्याला हवे असते ते हे, की कोणत्या दिवशी किती, कोणत्या आठवड्यात किती, मागच्या वर्षीच्या मानाने यंदा किती. म्हणजे सापडलेल्या नोंदी तारखेप्रमाणे कप्प्यांत टाकायच्या आणि प्रत्येक कप्प्यात किती पडल्या ते मोजायचे.

टपाल कार्यालयात पत्रे अशीच खणांत टाकतात. १९७२ साली पिनकोड सुरू झाल्यापासून तर हे काम फारच सोपे झाले. ४०००१४ चे पत्र दादर पूर्वच्या खणात, ४०००२८ चे पश्चिमेच्या. पण पत्रांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे खण आधीच ठरलेले असतात आणि दोन खणांच्या मध्ये एक फळी असते. काळ मात्र सलग वाहतो. अकरा तारीख आणि बारा तारीख यांच्यामध्ये निसर्गाने कोणतीही फळी ठोकलेली नाही. ती आपण ठोकतो. संगणकाला ती कुठे ठोकायची हे सांगितले नाही, तर तो आपल्या सोयीच्या जागी ठोकतो आणि मोजणी अगदी बिनचूक करून देतो.

त्याची सोयीची जागा कोणती? बहुतेक संगणक वेळ साठवतात ती तारीख-महिना-वर्ष अशी नव्हे, तर एका मोठ्या संख्येच्या रूपात. १ जानेवारी १९७० या दिवशी ग्रिनिच येथे मध्यरात्र झाली, तो क्षण शून्य मानायचा आणि तेथून किती सेकंद उलटले ते मोजायचे. ही पद्धत युनिक्स नावाच्या संगणक प्रणालीतून आली आणि सर्वत्र पसरली. जगभरच्या संगणकांनी एकमेकांशी बोलायचे तर सर्वांचे घड्याळ एक हवे, म्हणून ग्रिनिचची वेळ (तिच्या आजच्या शास्त्रशुद्ध रूपाला ‘यूटीसी’ म्हणतात) धरतात. यात चूक काही नाही. एका दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा कोणत्याही क्षणाच्या संख्येला ८६,४०० ने भागले आणि अपूर्णांक सोडून दिला, की शून्य दिवसापासूनचा कितवा दिवस ते मिळते. हाच कप्प्याचा क्रमांक!

आता आपल्या झेंडूचा हिशेब करा. कागद-पेन्सिल घ्या, कारण हा आकडा स्वतः काढल्याशिवाय मजा नाही. १२ ऑक्टोबर २०२४ हा १ जानेवारी १९७० पासूनचा २०,००८ वा दिवस (पहिल्या दिवसाला शून्य धरून). म्हणून त्या दिवशी ग्रिनिचला मध्यरात्र झाली तेव्हा संख्या होती २०,००८ × ८६,४०० = १,७२,८६,९१,२००. आपली भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे दादरला पहाटेचे चार वाजले तेव्हा ग्रिनिचला आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते; मध्यरात्रीला अजून दीड तास, म्हणजे ५,४०० सेकंद होते. म्हणून पावतीवरचा आकडा १,७२,८६,८५,८००. याला ८६,४०० ने भागा. उत्तर येते २०,००७.९३७५. अपूर्णांक सोडला की २०,००७. कप्पा ११ ऑक्टोबरचा!

संगणकाची फळी मध्यरात्री नाही, पहाटे साडेपाचला ठोकलेली आहे. कारण ग्रिनिचची मध्यरात्र आपल्याकडे साडेपाच वाजता होते. एखाद्या कचेरीच्या कामात याने फारसे बिघडणार नाही, कारण रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात कचेरीत फार तर पहारेकरी असतो. पण फूलबाजाराचा जीवच नेमका या साडेपाच तासांत असतो.

सोयीसाठी काही आकडे घेऊ. हे मनचेच आहेत. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ६० क्रेट विकले, दसऱ्याच्या पहाटे तीन ते पाचमध्ये ९०, आणि उजाडल्यानंतर ४०. खरा हिशेब : अकरा तारखेला ६०, बारा तारखेला १३०. संगणकाचा हिशेब : अकरा तारखेला १५०, बारा तारखेला ४०. बेरीज दोन्हींकडे १९०. बेरीज जुळते म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण हा तक्ता पाहून व्यापारी शेतकऱ्याला पुढच्या वर्षी काय कळवील? ‘दसऱ्याच्या दिवशी माल उठत नाही, सगळी गाडी एक दिवस आधी पाठव.’ झेंडू म्हणजे काही तांदूळ नव्हे. एक दिवस आधी तोडलेले फूल एक दिवस शिळे होते, आणि तोटा होतो तो ज्याने संगणक कधी पाहिला नाही त्याचा.

उपाय मात्र अगदी लहान आहे. साडेपाच तासांचे सेकंद होतात १९,८००. भागण्यापूर्वी तेवढे मिळवायचे :

कप्पा = (क्षण + १९,८००) भागिले ८६,४००, अपूर्णांक सोडून
मोजणी[कप्पा] = मोजणी[कप्पा] + १

करून पाहा. १,७२,८६,८५,८०० मध्ये १९,८०० मिळवले की १,७२,८७,०५,६००. भागाकार २०,००८ आणि बाकी उरते १४,४००. कप्पा बारा तारखेचा. आणि बाकीकडे जरा पाहा. १४,४०० सेकंद म्हणजे बरोबर चार तास. भागाकार दिवस सांगतो, बाकी घड्याळ सांगते! मोठाल्या शोधयंत्रांतही, उदाहरणार्थ ‘इलॅस्टिकसर्च’ या प्रसिद्ध प्रणालीत, तारखांचे कप्पे पाडण्याची सोय आतूनच असते. परंतु ‘आमची वेळ भारताची आहे’ असे मुद्दाम सांगितले नाही, तर तीही यूटीसीचीच मध्यरात्र धरते.

जाता जाता, साडेपाच तास हा आकडाही अनादि नाही बरे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली तरी मुंबईने आपली वेगळी ‘मुंबई वेळ’ सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे आणि १९५५ पर्यंत ती चालू होती. त्या काळातली एखादी मुंबईची नोंद मध्यरात्रीच्या आसपासची असेल, तर ती कोणत्या घड्याळाने लिहिली हे पाहिल्याशिवाय तिची तारीख ठरत नाही.

हीच भागाकाराची युक्ती आठवड्यांना लावली तर आणखी एक गंमत दिसते. आठवड्याचे सेकंद ६,०४,८००. त्याने भागले की आठवड्यांचे कप्पे पडतील खरे, पण त्यांचा प्रत्येक आठवडा सुरू होतो गुरुवारी! का? १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता म्हणून. शून्य जेथे, पहिली फळी तेथेच. नवशिक्या आज्ञावलीकाराचा तक्ता पाहिला आणि त्यात आठवडा गुरुवारी बदलताना दिसला, की जाणकार माणूस हसतो. आपल्याला सोमवारपासून आठवडा हवा असेल तर भागण्यापूर्वी तीन दिवस मिळवायचे, रविवारपासून हवा असेल तर चार. कसे, ते बोटांवर मोजून पाहा.

तेव्हा कप्प्याला केवळ रुंदी पुरत नाही, त्याला आरंभबिंदूही लागतो. आणि तो मध्यरात्रीच हवा असेही नाही. याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईच्याच पावसाचा आहे. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. दुपारनंतर पाऊस कोसळू लागला, गाड्या बंद पडल्या, दादरचा हिंदमाता परिसर नेहमीप्रमाणे आणि नेहमीपेक्षा कितीतरी अधिक पाण्याखाली गेला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. दादर या दोहोंच्या मधोमध. पण पावसाच्या नोंदी शोधताना ‘९४४’ हा आकडा तुम्हाला बहुधा २७ जुलैच्या रकान्यात सापडेल. कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो, आणि तो ज्या तारखेला संपतो तिच्या नावे लिहिला जातो. साडेआठच का? कारण तेव्हा यूटीसीप्रमाणे तीन वाजलेले असतात, आणि जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या यूटीसी वेळांना एकाच क्षणी नोंदी घेतात.

आता एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी पावसाचे आकडे एका ठिकाणाहून घेतले आणि रेल्वेगाड्या रद्द झाल्याच्या बातम्या दुसऱ्या ठिकाणाहून. पाऊस साडेआठच्या कप्प्यांत, बातम्या मध्यरात्रीच्या कप्प्यांत. दोन्ही आलेख एकाखाली एक काढले तर काय दिसेल? आधी गाड्या बंद पडल्या आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडला! दोन्ही आकडे खरे, दोन्ही मोजण्या अचूक. फक्त फळ्या जुळलेल्या नाहीत.

दिवस आणि आठवडे निदान सारख्या लांबीचे तरी असतात. महिन्यांपाशी भागाकार हात टेकतो. तीस दिवसांचा एक कप्पा केला तर काय होते पाहा. साध्या वर्षात पहिला कप्पा १ ते ३० जानेवारी, दुसरा ३१ जानेवारी ते १ मार्च. सगळा फेब्रुवारी एका कप्प्याच्या पोटात गेला आणि दोन्ही बाजूंनी परके दिवस येऊन बसले. वर्षअखेर बारा कप्पे भरून पाच दिवस उरतात, २७ ते ३१ डिसेंबर. त्यांचे करायचे काय? म्हणून शोधप्रणालींत कप्प्यांच्या दोन जाती असतात. एक ठराविक लांबीची : इतके सेकंद, इतके तास. दुसरी दिनदर्शिकेची : महिना, तिमाही, वर्ष. दुसऱ्या जातीत संगणक भागाकार करीत नाही. तो सेकंदांची संख्या प्रथम तारखेत बदलतो आणि मग त्या तारखेतले वर्ष आणि महिना तेवढे ठेवून दिवस टाकून देतो.

पण थांबा. दिनदर्शिकेचे महिने घेतले म्हणजे सुटलो असे समजू नका. फूलबाजार कोणत्या दिनदर्शिकेने चालतो? गणेशचतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला आली, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. पहिल्या दोन वर्षांत सगळा गणेशोत्सव सप्टेंबरच्या कप्प्यात मावला. २०२५ साली चतुर्थीची खरेदी आणि उत्सवाचे पहिले पाच दिवस ऑगस्टमध्ये गेले, उरलेला भाग सप्टेंबरमध्ये. तेव्हा सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी केली, तर २०२५ मध्ये फुलांची मागणी घसरल्यासारखी दिसणार आणि ऑगस्टमध्ये ती विनाकारण उसळल्यासारखी दिसणार. लोकांनी काही गणपतीला फुले वाहणे कमी केले नव्हते. चंद्र आणि इंग्रजी महिना यांचे जमत नाही, एवढेच. येथे शहाणा कप्पा असा : चतुर्थीचा दिवस शून्य धरायचा, आदला दिवस उणे एक, नंतरचा अधिक एक. मग तिन्ही वर्षांचे आलेख एकमेकांवर नीट बसतात. तारीख तीच, आज्ञावली जवळजवळ तीच, शून्य तेवढे बदलले. माझ्या मते या सगळ्या विषयात हीच युक्ती सर्वांत उपयोगाची आहे, आणि पुस्तकांतून तीच सर्वांत कमी सांगितली जाते.

आता फळीच्या जाडीविषयी. गणितात तुम्ही वारंवारता वितरण शिकता, तेव्हा असमावेशक पद्धतीत शिक्षक सांगतात : २० ते ३० या वर्गात ३० हा प्राप्तांक घ्यायचा नाही, तो ३० ते ४० मध्ये जातो. हा नियम कंटाळवाणा वाटतो खरा. तारखांच्या कप्प्यांत तो प्राणासारखा जपावा लागतो. आरंभ आत, शेवट बाहेर. ऑक्टोबरचा कप्पा म्हणजे १ ऑक्टोबरच्या शून्य वाजल्यापासून १ नोव्हेंबरच्या शून्य वाजेपर्यंत, तो शेवटचा क्षण सोडून. मग बरोबर मध्यरात्रीची नोंद दोन कप्प्यांत मोजली जात नाही आणि कोणत्याही कप्प्यातून निसटतही नाही.

आपली मराठी येथे जरा घोटाळा करते. ‘सोमवारपर्यंत सुट्टी आहे’ म्हटले तर सोमवारी शाळा आहे की नाही? दहा मुलांना विचारा, नऊ म्हणतील नाही. आणि दहावा खडूस असेल. संगणक हा त्या दहाव्या मुलासारखा आहे. ‘३१ ऑक्टोबरपर्यंत’ असे सांगितले तर तो पुष्कळदा ३१ ऑक्टोबरची पहिलीच मध्यरात्र धरतो आणि एकतीस तारखेचा सगळा दिवस गाळून टाकतो. यावर तोडगा म्हणून कुणी ‘३१ तारखेच्या ११ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांपर्यंत’ असे लिहितात. पण आजचे संगणक सेकंदाचे हजारावे भागही नोंदवतात. त्या शेवटच्या सेकंदाच्या पोटात आलेली नोंद मग ना ऑक्टोबरची ना नोव्हेंबरची. ‘१ नोव्हेंबरपूर्वी’ म्हटले की सगळे मिटते.

फूलबाजारातून आता पूल ओलांडून दादर पूर्वेला जाऊ. तेथे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ साली स्थापन झालेली ही संस्था. जुन्या मराठी पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा असा संग्रह शोधताना तारखांचे कप्पे दिवसांचे नसतात, दशकांचे असतात; आणि येथे अडचणीही निराळ्या.

पहिली अडचण शून्याच्या पलीकडची. मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचा पहिला अंक काढला ६ जानेवारी १८३२ रोजी. संगणकाच्या भाषेत हा दिवस उणे ५०,३९९ वा. उणे संख्येचा भागाकार करताना ‘अपूर्णांक सोडून द्या’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. ३१ डिसेंबर १९६९ ची ग्रिनिचची दुपार घ्या : उणे ४३,२०० सेकंद. ८६,४०० ने भागले की उणे अर्धा. काही संगणकभाषा अपूर्णांक नुसता कापतात, उरते शून्य; म्हणजे १९६९ चा शेवटचा दिवस आणि १९७० चा पहिला दिवस एकाच कप्प्यात, आणि शून्याचा कप्पा दुप्पट रुंद! दुसऱ्या भाषा खालच्या पूर्णांकाकडे जातात : उणे एक. आपल्याला हवे ते हे दुसरे. १९७० नंतर जन्मलेल्या नोंदींवर तपासलेली आज्ञावली जुन्या वृत्तपत्रांवर चालवली, की हा दोष उघडा पडतो.

दुसरी अडचण खास आपली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांवर साल पुष्कळदा शकाचे असते. शकात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन मिळतो, असे आपण शिकतो. पण शकाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. पाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. समजा, मुखपृष्ठावर आहे ‘शके १८०१’, आणि महिना दिलेला नाही. हे पुस्तक १८७९ च्या पाडव्यानंतर केव्हातरी निघाले, किंवा १८८० च्या पहिल्या तीन महिन्यांत. आपले कप्पे १८७० ते १८७९ आणि १८८० ते १८८९ असे असतील, तर हे पुस्तक फळीवरच बसले! संगणकाला काहीतरी एक सांगावेच लागते. कुणी आरंभीचे वर्ष धरतात, कारण नऊ महिने त्यातले. आणि ते ठीकच आहे. मात्र ‘हे अंदाजाने टाकले’ अशी खूण नोंदीवर राहिली पाहिजे, नाहीतर पुढचा शोधणारा तो अंदाज पुरावा म्हणून घेईल. कप्पे शकातच पाडले तर ही अडचण उरत नाही. मग इसवी सनाची पुस्तके फळीवर बसू लागतात.

संगणक येण्याआधी हे काम माणसांनी केले ते कसे, हे पाहायचे असेल तर ग्रंथपालांना शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ दाखवायला सांगा. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ ची पुस्तके, दुसऱ्यात १९३८ ते १९५० ची. पहिला जेथे संपतो त्याच्या पुढच्याच वर्षी दुसरा सुरू. ना फट, ना दुहेरी नोंद. पण रुंदीही पाहा : पहिला कप्पा १३८ वर्षांचा, दुसरा १३ वर्षांचा. छापण्याच्या सोयीसाठी हे उत्तम. पण ‘कोणत्या खंडात पुस्तके जास्त?’ असे विचारून मराठी प्रकाशन वाढले की घटले हे ठरवू लागलात, तर फसलात. रुंदी वेगळी असेल तेथे दर वर्षाला किती, असे भागून घ्यावे लागते. आयतालेखात उंचीऐवजी क्षेत्रफळाला महत्त्व देतात ते यासाठीच.

दशक कोठून मोजायचे यानेही चित्र बदलते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या बातम्या शोधल्या असे धरा. शिवाजी पार्कवरच्या सभा, १९५६ साली समितीची स्थापना, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य. कप्पे १९५० ते १९५९, १९६० ते १९६९ असे पाडले तर चळवळ एका कप्प्यात आणि तिचे फळ दुसऱ्यात. १९५१ ते १९६० असे पाडले तर दोन्ही एकत्र. यात एक बरोबर आणि एक चूक असे नाही. म्हणून कोणताही असा तक्ता पुढे आला, की मी तरी फळ्या एकदा सरकवून पाहतो. आकार टिकला तर तो आकार घटनांचा. सरकवताच नाहीसा झाला तर तो फळ्यांचा होता.

रिकाम्या कप्प्यांचे थोडक्यात सांगतो. ज्या महिन्यात एकही नोंद सापडली नाही, तो महिना तक्त्यातून गाळू नये. शून्य म्हणून दाखवावा. नाहीतर आलेखात जून आणि सप्टेंबर शेजारी येऊन बसतात. अपुरे कप्पेही ओळखावेत. ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले, तेव्हा १८३० ते १८३९ या कप्प्यात दोन वर्षे मुळातच नाहीत. चालू महिनाही असाच अर्धा भरलेला असतो. दहा तारखेला काढलेल्या आलेखात शेवटचा स्तंभ नेहमीच खचलेला दिसतो.

आता थोडे तुम्ही करा. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके देण्या-घेण्याची नोंदवही मागून घ्या. मुलांची नावे उतरवू नका, तारखा तेवढ्या घ्या. शंभर तारखा पुरेत. एकदा त्या इंग्रजी महिन्यांच्या कप्प्यांत टाका, एकदा तीस-तीस दिवसांच्या, आणि एकदा सहामाही परीक्षेचा पहिला दिवस शून्य धरून त्याच्या आधी-नंतरच्या आठवड्यांत. तिन्ही आयतालेख एकाच मापाच्या कागदावर काढा. संगणक असेल तर वरची दोन ओळींची आज्ञा वापरून आपली मोजणी ताडून पाहा. आणि शिक्षकांना एक कोडे घाला : १२ ऑक्टोबर २०२४ चा दिवस क्रमांक २०,००८. याला सातने भागल्यावर बाकी उरते दोन. तेवढ्यावरून त्या दिवशी शनिवार होता हे कसे सांगता येईल? उत्तर याच लेखात, आठवड्याच्या फळीपाशी आहे.